बिल ओले आहे तोवर बोला!

आमच्या कुणब्याची नि कारागिराची एक जुनी खोड आहे. ती आज तोंडावर सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. कायदा होऊन गेला, तलाठ्याच्या हातून नोटीस घरी आली, की मग आम्ही कपाळाला हात लावतो, कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, वकिलाच्या ओसरीवर फी मोजतो आणि "आम्हाला कोणी विचारलेच नाही" म्हणून गळा काढतो. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली ही गत! विचारले नाही हे खरे. पण बाबांनो, विचारण्याची वेळ कोणती, ते दार कोठे आहे आणि ते किती दिवस उघडे असते, हे आपण तरी कधी जाणून घेतले काय?

आमच्या कुंभार बंधूंना ही गोष्ट पंडितांपेक्षा लवकर समजेल. चाकावरचा गोळा ओला आहे तोवर बोटाच्या टोकाने वळतो. भट्टीतून भाजून निघाल्यावर त्याच्यावर डोके आपटा, तो फुटेल पण वळणार नाही. कायद्याचेही तसेच आहे. कायदा होण्यापूर्वी त्याला बिल म्हणतात. हल्लीच्या सरकारी मराठीत विधेयक. बिल हा ओला गोळा, कायदा हे भाजलेले मडके. आम्ही आजवर भाजलेल्या मडक्यावर डोके आपटीत आलो आणि ओल्या गोळ्याला हात लावण्याचा मान शेटजी, वकील व कारखानदार यांना आपण होऊन देऊन टाकला.

म्हणून आधी बिलाची वाट नीट पाहू. मंत्री सभागृहात उभा राहतो, बिल मांडण्याची परवानगी मागतो, ती मिळते, बिल मांडले जाते. हे पहिले वाचन. येथे फारसा वाद होत नाही. खरी मेख दुसऱ्या वाचनात आहे, कारण तेथे चार वाटा फुटतात. एक, बिल तेथल्या तेथे विचारात घ्यावे. दुसरी, ते त्याच सभागृहातील थोड्या सभासदांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या सिलेक्ट कमिटीकडे, द्यावे. तिसरी, विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही घरांच्या संयुक्त समितीकडे द्यावे. चौथी, लोकांचे मत अजमावण्यासाठी ते बाहेर फिरवावे. पुढे एकेका कलमावर चर्चा, दुरुस्त्या, तिसरे वाचन, मग दुसरे घर, मग राज्यपालांची संमती आणि राजपत्र. एवढी सारी वाट आहे.

पहिली वाट धरली की बिल सकाळी चाकावर आणि संध्याकाळी भट्टीत! बाकीच्या तीन वाटांनी मात्र गोळा काही दिवस ओला राहतो. समितीत माणसे थोडी, गोंगाट नाही, पुढे टेबल आणि टेबलावर कलमे. तेथे अधिकाऱ्याला बोलावून "हे कलम कशासाठी घातले?" असे विचारता येते. बाहेरच्या लोकांची पत्रे मागवता येतात, त्यांच्या तोंडून ऐकता येते. ज्या सभासदाला निकाल पटला नाही त्याला आपले वेगळे मत लिहून अहवालाला जोडता येते. साऱ्या वाटेवर गरिबाला घुसता येण्याजोगी हीच एक खिंड आहे. आणि हे ध्यानात ठेवा: आपल्या राज्यात बिल आपल्या पायांनी समितीकडे जात नाही. तसा प्रस्ताव सभागृहाने मान्य करावा लागतो. मंत्र्याला घाई असली आणि आपला आमदार गप्प बसला, की खिंड बंद!

आता कोणी म्हणेल, या मुंबई-नागपूरच्या गोष्टी, पुण्याच्या मावळातल्या माणसाला त्यांचे काय? त्याने पुणे कॅम्पातल्या काउन्सिल हॉलची इमारत एकदा पाहून यावी. इंग्रजी अमलात मुंबईची काउन्सिल पावसाळ्यात पुण्यास येई. साहेबाला मुंबईचा पाऊस सोसत नसे, पुण्याची हवा मानवे. म्हणजे ज्या दिवसांत मुळशी-मावळात भातलावणी चाले, हवेली-शिरूरकडे खुरपणी चाले, त्याच दिवसांत कुणब्याच्या जमिनीची कलमे पुण्यात ठरत. कुणबी चिखलात आणि त्याचे बिल गालिच्यावर! आजही पावसाळी अधिवेशन त्याच हंगामात भरते, एवढेच की ते मुंबईत भरते.

1901 सालची गोष्ट घ्या. दोनच वर्षे आधी भयंकर दुष्काळ पडलेला, गुरे मेलेली, सारा थकलेला. त्या मे महिन्यात सरकारने जमीन महसूल कायदा बदलण्याचे बिल महाबळेश्वरी मांडले आणि ऑगस्टात ते पुण्याच्या बैठकीत आले. साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन रयतेला परत द्यायची, पण विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन द्यायची, असा त्याचा मतलब. सरकार म्हणे, हे सावकारापासून रयतेला वाचवण्यासाठी. सर फिरोजशहा मेहता, गोपाळराव गोखले आदी मंडळी म्हणाली, याने रयतेची पत बुडेल. घाई करू नका, बिल पुढे ढकला, लोकमत घ्या. सरकारने ऐकले नाही. तेव्हा मेहता, गोखले व त्यांचे सोबती सभागृहातून उठून चालते झाले.

बाणेदारपणा खरा, त्याला आम्ही नाव ठेवीत नाही. पण त्या दिवशी काय झाले ते पाहा. सावकाराचे भय सांगणारे सरकार, पत बुडण्याचे भय सांगणारे वकील, दोघेही इंग्रजीत बोलत होते आणि दोघेही कुणब्याच्या नावाने बोलत होते. ज्याची जमीन, त्याला ना मत होते, ना त्याने निवडून दिलेला माणूस तेथे होता. विरोधक उठून गेले, बिल बसून राहिले आणि मंजूर झाले. 1901चा सहावा कायदा तो हाच. आपल्या सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' हे दोन शब्द पाहून ज्यांची छाती धडधडते, त्यांनी ध्यानात घ्यावे की बंधनाच्या जमिनीची ती रीत त्या पुण्याच्या बैठकीपर्यंत मागे जाते. सव्वाशे वर्षे उलटली. मडके भाजले ते भाजलेच!

पुढे 1919च्या सुधारणांनी काउन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात राखीव जागा मिळाल्या आणि नांगराच्या बाजूने बोलणारी माणसे आत शिरली. त्याचा गुण 1927 साली दिसला. सर चुनीलाल मेहता यांनी सरकारतर्फे लहान धारणक्षेत्रांचे बिल आणले. ठरावीक मापाहून लहान तुकडा पडू द्यायचा नाही, तुकडे एकत्र करायचे. कागदावर गोमटे, पण चार भावांतल्या तिघांनी जमीन सोडून कोठे जायचे, याचे उत्तर बिलात नव्हते. डॉ. आंबेडकरांनी 10 ऑक्टोबर 1927 रोजी काउन्सिलात त्याची चिरफाड केली: रोग तुकड्याच्या आकारात नाही, शेतकऱ्याजवळ बैल, अवजारे, भांडवल नाही यात आहे, उपाय करायचा तर सहकारी शेतीचा करा. बाहेर शेतकऱ्यांनीही ओरड केली. सरकारला ते बिल सोडून द्यावे लागले. पाहा! गोळा ओला असताना हात लावला, म्हणून वळला. मात्र सरकार विसरत नसते. 1947 साली तुकडेबंदीचा कायदा आलाच आणि त्याची दोरी गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या दस्तावर अजून पडते. एकदा जिंकलो म्हणून डोळा लावला की असे होते.

पण समिती म्हणजे काही देव नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. नाहीतर आमची माणसे नवा देव्हारा मांडायला उशीर लावीत नाहीत. समिती चाळण आहे तशी ती अडगळीची खोलीही आहे. डॉ. आंबेडकरांनीच 19 मार्च 1928 रोजी महार वतनाचे बिल मांडले. 1874च्या वतन कायद्याने महाराला चोवीस तास राबायला लावले आणि मोबदला दिला तो तुटपुंजा. ही वेठ मोडावी, कामाला ठरावीक पगार असावा, वतनी जमीन रयतवारी करावी, ही त्यातली मागणी. ऑगस्टात त्यावर वाद झाला, बिल सिलेक्ट कमिटीच्या पायरीपर्यंत गेले. आणि 24 जुलै 1929 रोजी ते मांडणाऱ्यालाच परत घ्यावे लागले. कनिष्ठ वतने मोडणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. म्हणजे एक पिढी वेठीतच गेली. त्याच पुरुषाने 17 सप्टेंबर 1937 रोजी पुण्याच्या अधिवेशनात खोती मोडण्याचे बिल मांडले. खासगी सभासदाचे बिल ते. पुढे सरकलेच नाही. कोकणातले हजारो शेतकरी 1938च्या जानेवारीत मुंबईस काउन्सिलावर चालून गेले, तरी खोती मोडायला 1949चा कायदा यावा लागला.

आणि अगदी आपल्या डोळ्यांदेखतचे उदाहरण हवे, तर जादूटोणाविरोधी बिल आठवा. 2005 साली विधानसभेत आलेले ते बिल कधी या घरात, कधी त्या घरात, कधी समितीत, कधी मंत्रिमंडळाच्या टेबलावर असे आठ वर्षे फिरत राहिले. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, खून झाला. तेव्हा कोठे चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. माणूस मेल्यावर जे चार दिवसांत होते, ते तो जिवंत असता आठ वर्षांत का झाले नाही? समितीला मुदत नाही, अहवालाची तारीख नाही, कोण अडवतो त्याचे नाव नाही, म्हणून झाले नाही.

तर मग समितीपुढे जाणे बरे की न जाणे बरे? याचे उत्तर 2020 साली साऱ्या देशाला मिळाले. शेतमालाचा बाजार, करारशेती आणि जीवनावश्यक वस्तू यांवरचे तीन वटहुकूम 5 जून 2020 रोजी, महामारीच्या दिवसांत निघाले. 14 सप्टेंबरला त्यांची बिले लोकसभेत मांडली. 20 सप्टेंबरला त्यांपैकी दोन बिले राज्यसभेत आली. विरोधी सभासदांनी ती समितीकडे पाठवा म्हणून प्रस्ताव दिले. ते आवाजी मतानेच फेटाळले गेले. मोजून मते घ्या म्हणून गलका झाला, मोजणी झाली नाही. एका आठवड्यात गोळ्याचे मडके!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यात बसले. 12 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यांना स्थगिती दिली आणि शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकायला स्वतः एक समिती नेमली. आमच्या महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनेचे अनिल घनवट तिच्यावर होते. यातले मर्म ओळखा. जी समिती संसदेने बिल ओले असताना नेमायची, ती न्यायालयाला मडके भाजल्यावर नेमावी लागली. शेवटी 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे रद्द करणारे बिल दोन्ही घरांनी एकाच दिवसात, चर्चेवाचून, मंजूर केले. घालतानाही विचारले नाही, काढतानाही विचारले नाही! ते कायदे बरे होते की वाईट, यावर आमच्या वाचकांतही दोन मते आहेत. कोणाला बाजार समितीतल्या आडत्याच्या कचाट्यातून सुटायचे आहे, कोणाला व्यापारी कंपनीचे भय आहे. पण दोन मते आहेत, म्हणूनच समिती हवी होती ना?

"समितीत वेळ जातो" असे म्हणणाऱ्या शहाण्यांना आमचा सवाल आहे: आठवड्याची घाई करून वर्ष घालवले, यात वेळ वाचला की बुडाला?

याच्या उलट भूसंपादनाचे पाहा. 1894च्या इंग्रजी कायद्याने रयतेला विचारायचे कारणच ठेवले नव्हते. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांना धरणासाठी जमिनी जाताना सत्याग्रहाला बसावे लागले ते त्यामुळे. ते 2013 साली बदलले. नवे बिल 2011 साली मांडले गेले, स्थायी समितीतून जाऊन आले, आणि खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधितांची संमती हवी, अशी अट कायद्यात बसली. मग 31 डिसेंबर 2014 रोजी वटहुकूम काढून काही कामांपुरती ही अट उडवण्याचा घाट घातला गेला. लोकसभेत ते बिल पारही पडले. पण ओरड झाली, मे 2015मध्ये ते संयुक्त समितीकडे द्यावे लागले, आणि ऑगस्टअखेर वटहुकूम संपू द्यावा लागला. रिंग रोड नि विमानतळाच्या बातमीने ज्यांची झोप उडते त्या हवेली-पुरंदरच्या घरांनी हा धडा पाठ करावा.

आता आपल्या राज्यातली ताजी गोष्ट. जनसुरक्षा विधेयक जुलै 2024मध्ये आले, मंजूर न होता राहिले, डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडले आणि संयुक्त समितीकडे गेले. लोकांकडून सूचना मागवल्या, त्या बारा हजारांहून अधिक आल्या. समितीने काही शब्द बदलले. व्यक्ती आणि संघटना असा जो सैल रोख होता तो कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरता आवळला, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला. जुलै 2025मध्ये दोन्ही घरांनी बिल मंजूर केले. कायदा हवा होता की नको, हा वाद येथे नाही. ज्यांना तो नको होता त्यांचे समाधान झालेले नाही, हे उघड आहे. आम्ही एवढेच दाखवतो की पत्रे गेली, म्हणून शब्द हलले. आणि विचारतो की त्या बारा हजारांत नांगराच्या घरून, मागाच्या घरून, भात्याच्या घरून किती गेली असतील? आपल्या मनाला विचारा.

दिल्लीचे वारे तर दुसरीकडेच वाहते आहे. संसदेच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या पी.आर.एस. या संस्थेच्या मोजणीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत, म्हणजे 2009 ते 2014 या काळात, 71 टक्के बिले समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, 2019 ते 2024 या काळात, हा आकडा 16 टक्क्यांवर आला. शंभर मडक्यांतली चौऱ्याऐंशी तपासल्यावाचून भट्टीत! कुंभार असा धंदा करील तर बाजारात एक गिऱ्हाईक त्याच्याकडे फिरकणार नाही. राज्यकर्त्यांना मात्र गिऱ्हाईक तुटण्याचे भय नाही, कारण आम्ही मते जातीच्या नि ताटाच्या हिशेबाने देतो, बिलाच्या हिशेबाने देत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जमीन, पाणी, बाजार, मजुरी आणि हातधंदा यांवरचे प्रत्येक बिल समितीपुढे गेलेच पाहिजे. समिती ही मंत्र्याची मेहेरबानी असता कामा नये. बिलाचा मसुदा, सोप्या मराठीतल्या गोषवाऱ्यासह, निदान तीस दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. तीस दिवसांचा हा दंडक केंद्र सरकारने 2014 साली आपल्या खात्यांना स्वतःच घालून दिला आहे, तो पाळायला कोणी बंदी केली आहे? समितीने मुंबईत बसून पत्रे मोजू नयेत. जिल्ह्याच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी बसावे आणि तोंडी ऐकावे, कारण ज्याला लिहिता येत नाही त्यालाही कायदा लागतोच. पेरणी-लावणीच्या दिवसांत सूचनांची मुदत संपवू नये. आणि समितीला अहवालाची तारीख बांधून द्यावी, म्हणजे ती अडगळीची खोली होणार नाही.

मागण्या सरकारकडे, पण थोडे काम आपल्या घरीही आहे. अधिवेशन लागले की घरातल्या शिकल्या पोराने किंवा पोरीने मोबाइलवर पाहावे की कोणती बिले आली. त्यांतले आपल्या पोटावर येणारे कोणते, ते रात्री जेवताना मोठ्याने वाचावे. चावडीवर, विठोबाच्या देवळात, सोसायटीच्या ओट्यावर दहा माणसांनी बसून एकेक कलम धरावे आणि साध्या भाषेत लिहावे: "हे कलम आम्हाला नको, कारण असे असे, त्याऐवजी असे घाला." शिव्या लिहू नयेत, कलमाचा आकडा लिहावा, शिवी टोपलीत जाते, आकड्याला उत्तर द्यावे लागते. बायकांनी सही केल्यावाचून पत्र जाऊ देऊ नये. जमीन गेल्यावर चूल त्यांचीच विझते. आणि आमदार गावात हार घालून घ्यायला येईल तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारावा: "गेल्या अधिवेशनात अमुक बिल समितीकडे पाठवा म्हणून तुम्ही उठला होता काय?" उठला नसेल तर हार परत दुकानात द्यावा, निदान पैसे तरी वाचतील.

जोतीरावांनी याच पुण्यात सांगितले की विद्येवाचून मती गेली आणि शेवटी सारे खचले. ती विद्या म्हणजे नुसती शाळेची इयत्ता नव्हे. आपल्यावर हुकूम कसा तयार होतो, कोणाच्या हाताने होतो आणि कोणत्या दिवशी तो अडवता येतो, हे कळणे हीही विद्याच. ती आजवर दुसऱ्यांच्या ओसरीवर राहिली. तिला आता आपल्या घरी आणा. पुढचे अधिवेशन दूर नाही. चाक फिरू लागेल, गोळा ओला असेल. तेव्हा हात जोडून उभे राहू नका, हात लावा!